धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. भारत आणि युरोपियन युनियनच्या व्यापार कराराची बातमी तुमच्या पेपरात पहिल्या पानावर आली, मग दोन दिवसांनी अग्रलेख आला, त्यात युरोपच्या कार्बन कराला 'हिरवा साम्राज्यवाद' म्हटलंय. दोन्ही वाचले. बातमी वाचून आमच्या मालकांनी ऑफिसात पेढे वाटले आणि अग्रलेख वाचून तेच मालक आठवडाभर युरोपला शिव्या घालत फिरत होते, म्हणजे तुमचा पेपर आमच्याकडं किती मनापासून वाचला जातो बघा. पण मला दोन्हीकडं मधलाच भाग राहून गेल्यासारखा वाटला म्हणून लिहितोय. पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, फक्त भट्टीचा भाग तेवढा ठेवा.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. बावीस वर्षं झाली. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, न्हावाशेवाच्या एजंटाला दिवसातून दहा फोन, हे माझं काम. मी भट्टीवरचा माणूस नाही, पण भट्टी माझ्या टेबलाच्या भिंतीपलीकडंच आहे आणि हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, ओतायच्या वेळी चहाच्या कपावर काळी पूड बसते, तेवढा संबंध रोजचा.

तर २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. युरोपातल्या एका गिऱ्हाईकाकडून मेलवर एक्सेल शीट आली. मला वाटलं नेहमीसारखं असेल काहीतरी, ते दरवर्षी बालकामगार नाहीत ना, फायर एक्झिट आहे ना असले फॉर्म पाठवतातच, आपण टिक करून परत पाठवतो. उघडून बघितली तर आत विचारलंय की महिन्याला कोक किती जाळता, डिझेल किती, पिग आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) कुठून घेता आणि ते पिग आयर्न बनवताना टनाला किती कार्बन डायऑक्साइड निघाला. शेवटचं वाचून मी चष्मा पुसला. आमच्या पिग आयर्नच्या सप्लायरला फोन लावला तर तो हसायलाच लागला, म्हणाला साहेब, लोखंडातला कार्बन सांगतो, सिलिकॉन सांगतो, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळं टेस्ट सर्टिफिकेटवर आहे, धुराचं वजन कोण करतं का? त्याचं चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांत धुराचं वजन कुणी विचारलंच नव्हतं. ना गिऱ्हाईकानं, ना कस्टमनं, ना कुठल्या व्यापार करारानं.

आणि माझा मुद्दा हाच आहे. आपण सगळे विचारतोय की युरोप आता हे का विचारतोय. मला उलटा प्रश्न पडतो की आजवर झालेल्या एवढ्या करारांत हे कुणीच कसं विचारलं नाही.

आधी थोडक्यात, कारण बातमीत नीट आलं नव्हतं. ह्या भानगडीचं नाव सीबॅम, म्हणजे अग्रलेखातला तोच कार्बन कर. युरोपात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना धुराचे परवाने घ्यावे लागतात, त्यांचा बाजार आहे, २०२३ च्या फेब्रुवारीत एका टनाचा भाव १०० युरोला टेकला होता. तिकडच्या स्टीलवाल्यांनी ओरड केली की असं केलं तर आम्ही कारखाने बंद करतो आणि माल बाहेरून आणतो, मग त्यांना बरेचसे परवाने फुकट दिले. आता ते फुकटचे २०२६ ते २०३४ असे टप्प्याटप्प्यानं काढून घेतायत आणि जेवढे काढतायत तेवढा भार बाहेरून येणाऱ्या मालावर टाकतायत. स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचं मीटर चालू झालंय.

गंमत अशी की करारात ड्युटी शून्य झाली म्हणून आपण पेढे वाटले, पण युरोपात कच्च्या स्टीलवर साधी ड्युटी आधीपासूनच शून्य होती! कोट्याची भानगड वेगळी, ती सेफगार्डची, म्हणजे बाहेरचा माल फार येऊ नये म्हणून घातलेल्या मर्यादेची, पण नेहमीची कस्टम ड्युटी नव्हतीच. म्हणजे २००७ ला बोलणी सुरू झाली, २०१३ ला बंद पडली, २०२२ ला परत सुरू झाली, आणि एवढ्या वर्षांनी जे पदरात पडलं त्यात स्टीलवाल्याला काय मिळालं, तर जे होतं तेच. आणि जे नवीन लागलं त्यातून सुटका काही झाली नाही. आपल्याकडं एक टन स्टील बनताना सरासरी अडीच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी १.९ च्या घरात आहे. आता समजा परवान्याचा भाव ७० युरो धरला आणि पूर्ण कर लागला, तर टनामागं १७५ युरो होतात, युरो १०० रुपयाला धरा, साडेसतरा हजार. स्टील पन्नास हजार रुपये टन धरलं तर तिसरा हिस्सा गेला. हे सगळं आज लागत नाही, २०३४ पर्यंत हळूहळू चढत जाणार, पण आकडा डोक्यात असू द्या.

इंग्लंडचं तसंच. २४ जुलै २०२५ ला करार झाला, आपल्या ९९ टक्के मालावर ड्युटी नाही म्हणून किती कौतुक झालं, आणि त्यांचा स्वतःचा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून येतोय. एका खिशात घातलं आणि दुसऱ्यातून काढलं.

इथपर्यंत अग्रलेख आणि मी एकच बोलतोय. आता भट्टी.

आमच्याकडं मी लागलो तेव्हा क्युपोला होती. क्युपोला म्हणजे उभी भट्टी, वरून कोक, चुनखडी, पिग आयर्न, भंगार टाकायचं आणि खालून पातळ लोखंड काढायचं. धूर असा की हायवेवरून दिसायचा, शेजारच्या गावातून तक्रारी यायच्या, धुणं काळं होतं म्हणून बायका गेटवर येऊन उभ्या राहिलेल्या मी बघितल्यात. मग बाहेरची गिऱ्हाईकं आली, त्यांना एसजी आयर्न, म्हणजे सहज न तुटणारं चिवट ओतीव लोखंड पाहिजे, ग्रेड पाहिजे, प्रत्येक हीटचा रिपोर्ट पाहिजे, ते क्युपोलात काही जमेना, म्हणून इंडक्शन भट्टी आली. विजेवर चालणारी. धूर गेला. तक्रारी गेल्या. मालकांनी गेटवर झाडं लावली, कारखान्याच्या पुस्तिकेत 'पर्यावरणपूरक' छापलं.

म्हणजे व्यापारामुळं आमचं तंत्र सुधारलं, हे खरंय, कुणी नाकारू नये. एक्सपोर्ट नसता तर आम्ही आजही कोकच जाळत बसलो असतो. पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला पाचशे-सहाशे युनिट वीज लागते, आणि ती वीज येते कुठून? चंद्रपूर, कोराडी, परळी, कोळसाच. म्हणजे धूर संपला नाही, शिरोलीतून उठून चंद्रपूरला राहायला गेला. आमच्या धुण्यावर पडत नाही एवढंच. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातला प्रकार.

आणि साहेब, युरोपनं चाळीस वर्षं जे केलं ते ह्याच्यापेक्षा वेगळं नाहीये. त्यांनी क्युपोला हलवली, फक्त चंद्रपूरला नाही, चीनला आणि आपल्याकडं.

११ डिसेंबर २००१ ला चीन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, दिवाळीच्या लायटिंगपासून गणपतीच्या मखरापर्यंत. पण धुराच्या बाजूनं बघा, २००० ते २०१० या दहा वर्षांत चीनचा कार्बन दुपटीहून जास्त झाला आणि २००६ च्या सुमाराला त्यानं अमेरिकेला मागं टाकलं. त्यातला मोठा वाटा परदेशातल्या माणसासाठी बनवलेल्या मालाचा. आणि ह्याच काळात युरोपातले देश काय सांगत होते, तर आमचा धूर कमी झाला. खोटं नव्हतं. १९९७ च्या क्योटो करारात हिशेबाची पद्धतच तशी ठरली होती, धूर ज्या देशात निघाला त्या देशाच्या नावावर. माल कोण वापरतो ते विचारायचं नाही. समुद्रावरच्या जहाजाचा आणि आंतरराष्ट्रीय विमानाचा धूर तर कुणाच्याच नावावर नाही, तो वहीबाहेर.

हे असं झालं की लग्न एकाच्या घरी आणि मांडवाचं बिल शेजाऱ्याच्या नावावर. काही शास्त्रज्ञांनी ही वही उलटी मांडून बघितली, म्हणजे धूर बनवणाऱ्याच्या नावावर न लिहिता वापरणाऱ्याच्या नावावर. २०११ साली एक हिशेब आला होता ग्लेन पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यात असं निघालं की १९९० मध्ये जगातला ४.३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड परदेशी जाणाऱ्या मालात दडलेला होता, २००८ ला तो ७.८ अब्ज टन झाला. जगाच्या एकूण धुराचा पाचवा हिस्सा होता तो चौथ्या हिश्शाच्या वर गेला. १९९० ते २००८. ह्याच अठरा वर्षांत नाफ्टा हा अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा करार झाला, डब्ल्यूटीओ स्थापन झाली, चीन आत आला. करार एका टेबलावर, हवामान दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही टेबलांवरची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत अशी परिस्थिती.

का ओळखत नाहीत त्याचंही कारण आहे. व्यापाराचा मूळ नियम असा की वस्तू सारखी असेल तर वागणूक सारखी. नट तो नट, तो कोळशावर झाला की पवनचक्कीच्या विजेवर झाला ते विचारायचं नाही. ह्या नियमामागं चांगला हेतू होता, नाहीतर श्रीमंत देश काहीही कारण काढून गरिबाचा माल अडवणार. आपणच ह्यावर भांडलोय. अमेरिकेनं कासवं अडकणाऱ्या जाळ्यांनी पकडलेली कोळंबी घेणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा भारत, मलेशिया, थायलंड आणि पाकिस्तान डब्ल्यूटीओत गेले (हो, आपण आणि पाकिस्तान एका बाजूला, असंही होतं कधीकधी). १९९८ ला निकाल आला आणि आपण जिंकलो. पण जिंकलो कशावर ते बघा. निकालात असं नव्हतं म्हटलेलं की कासवांसाठी माल अडवता येत नाही. उलट तत्त्व चालतं, पण तुम्ही काही देशांना जास्त मुदत आणि मदत दिली आणि ह्या चौघांना दिली नाही, हे चालत नाही, असं म्हटलं. मग अमेरिकेनं पद्धत बदलली, मलेशिया परत भांडायला गेली आणि २००१ मध्ये हरली. आज आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक जातात, तेव्हा ह्या खटल्याची आठवण कुणाला असणार. मला मात्र सीबॅमवर कुणी 'डब्ल्यूटीओत खेचू' म्हटलं की ती कोळंबी आठवते. खेचा जरूर, पण 'धुरावर पैसे लावता येत नाहीत' असं म्हणून गेलो तर हरू, 'आम्हाला मुदत आणि मदत दिली नाही' म्हणून गेलो तर काहीतरी हाताला लागेल.

सोलरचं तर आणखी वेगळं. आपण जवाहरलाल नेहरू सोलर मिशनमध्ये अट घातली की काही पॅनेल देशातच बनलेली पाहिजेत. अमेरिकेनं २०१३ ला तक्रार केली, २०१६ ला आपण हरलो, पुढच्या अपिलातही हरलो. आणि त्याच अमेरिकेनं २०२२ ला कायदा करून आपल्या देशात बनलेल्या मालाला जादा सूट दिली. ह्यावर मी जास्त लिहीत नाही, बीपी वाढतो.

आता एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला माहीत नव्हती आणि कळली तेव्हा झोप उडाली. बर्कलेचे एक प्राध्यापक आहेत, जोसेफ शापिरो. त्यांनी जगभरातल्या देशांची ड्युटी, आयातीवरचे बाकीचे अडथळे आणि प्रत्येक मालातला धूर समोरासमोर मांडला. निघालं काय, तर बहुतेक सगळ्या देशांत जास्त धुराच्या मालावर ड्युटी कमी आणि कमी धुराच्या मालावर ड्युटी जास्त! कुणी ठरवून केलेलं नाही. कारण साधं आहे आणि आमच्यासारख्याला लगेच पटतं. धूर सगळ्यात जास्त निघतो कच्च्या मालात, पिग आयर्न, स्टील, सिमेंट आणि त्याचा कच्चा माल क्लिंकर, अॅल्युमिनियमची इंगट. आणि कच्चा माल स्वस्त पाहिजे म्हणून दिल्लीला जाऊन बसणारे आम्हीच. आमची असोसिएशन निवेदन देते, पिग आयर्नवर ड्युटी कमी करा. मग पंपवाला निवेदन देतो, कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, कमी करा पण पंपावर वाढवा. शेवटी जो माणूस दुकानातून पंप घेतो त्याची असोसिएशन नाही, त्यामुळं तयार मालावर ड्युटी राहते. प्रत्येक देशात हेच. शापिरोंच्या हिशेबानं ड्युटी आणि बाकीचे अडथळे मिळून हे जगभर धुराला दिलेलं अनुदानच आहे, टनाला ८५ ते १२० डॉलर, वर्षाला साडेपाचशे ते आठशे अब्ज डॉलर. म्हणजे एका हातानं युरोप धुराला कर लावतोय आणि सगळ्या जगाची ड्युटीची आणि नियमांची पुस्तकं दुसऱ्या हातानं अनुदान देतायत. अग्रलेखात हे यायला पाहिजे होतं. ड्युटीची ही उतरंड नुसती सरळ केली, सगळ्या मालावर सारखी आणली, तरी धूर कमी होईल आणि कुणाला कर म्हणायची गरज नाही. पण ते करणार कोण, आम्हीच विरोधात निवेदन देऊ.

आता त्या एक्सेल शीटकडं परत येतो, कारण सीबॅम चांगला आहे असं मी म्हणतोय असं वाटायला नको. त्यातली भोकं आम्हाला पहिल्या तीन महिन्यांत दिसली.

एक, कस्टमचा कोड. आम्ही एकाच भट्टीतून दोन प्रकारचा माल काढतो. एकाच हीटचं, ओतायच्या एकाच भांड्यातलं लोखंड. ते पाईप फिटिंगच्या साच्यात गेलं तर कोड ७३०७, सीबॅमच्या यादीत आहे. तेच लोखंड मॅनहोलच्या झाकणाच्या साच्यात गेलं तर कोड ७३२५, यादीत नाही. धूर तोच, रेती तीच, ओतणारा माणूसही तोच, फक्त साच्याचा नमुना वेगळा. यादी वाढवायचा प्रस्ताव युरोपियन कमिशननं डिसेंबर २०२५ मध्ये मांडलाय, त्यामुळं आज जो सुटलाय तो उद्या सुटेल असं नाही.

दुसरं म्हणजे वीज. कराच्या हिशेबात सिमेंटला आणि खताला वीज धरतात, लोखंड-स्टीलला सध्या धरत नाहीत, फक्त कारखान्यात थेट निघालेला धूर आणि कच्च्या मालातून आलेला. मी त्या हिशेबात आमच्या इंडक्शनचे आकडे मांडले आणि चंद्रपूरचा कोळसा त्यात कुठंच आला नाही. आम्ही एकदम स्वच्छ! मला लाज वाटली खरं तर, पण करात वीज धरतच नाहीत तर काय करणार.

आणि भंगार. भंगारात मागचा कार्बन शून्य धरतात. मग मालकांच्या लगेच लक्षात आलं की युरोपच्या ऑर्डरला भंगार जास्त घाला आणि बाकीच्यांना पिग आयर्न. बोलायला सोपंय. एसजी आयर्नला मँगनीज कमी लागतं, भंगार कसलंही चालत नाही, चांगलं सीआरसी स्क्रॅप, म्हणजे स्वच्छ पत्र्याचं भंगार पाहिजे, त्यात कार्बन वाढवायला कार्ब्युरायझर मारायचा, सिलिकॉन वाढवायचं, नाहीतर कास्टिंग ठिसूळ होतं आणि मशीनवर टूल मोडतं. पण जमवलं. झालं काय, चांगलं भंगार सगळं युरोपच्या मालात, आणि पिग आयर्न सगळं पुण्याच्या आणि बाकीच्या गिऱ्हाईकांच्या मालात. वर्षाअखेरीला पिग आयर्नची खरेदी काढून बघितली तर जवळपास तेवढीच. पातेल्यातला रस्सा तोच, फक्त मटणाचे तुकडे पाहुण्याच्या ताटात वाढले. कोल्हापूरकराला हे वेगळं समजवायला नको. मोठे स्टीलवाले हेच मोठ्या प्रमाणावर करू शकतात, स्वच्छ प्लांटचा माल युरोपला, कोळशावर केलेल्या स्पाँज आयर्नचा (खनिज न वितळवता केलेल्या लोखंडाचा) माल देशात आणि आफ्रिकेत. कागदावर युरोपचा माल स्वच्छ झाला, आभाळाला काही फरक नाही.

म्हणून एकट्या युरोपनं लावलेल्या करानं जगाचा धूर फार कमी होईल असं मला वाटत नाही. आणि त्याचे पैसे जातात युरोपच्या तिजोरीत, ज्या मोझांबिकचं अॅल्युमिनियम त्यात सापडलंय किंवा ज्या कोल्हापूरच्या भट्ट्या सापडल्यात त्यांना नवीन यंत्र घ्यायला त्यातले मिळत नाहीत, हा खरा अन्याय आहे. भारतातला माणूस वर्षाला दोन टनाच्या आसपास कार्बन सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सहा-सात पट, आणि १९९२ ला रिओमध्ये सगळ्यांनी मान्य केलं होतं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. ते सीबॅममध्ये कुठं दिसत नाही. इथं मी अग्रलेखाच्या बाजूनं आहे.

पण मग काय करायचं? नुसतं साम्राज्यवाद म्हणून थांबायचं का? त्या कायद्यातच एक कलम आहे की ज्या देशात माल बनला तिथं कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजा करून मिळेल. म्हणजे पैसे जाणारच आहेत, ब्रुसेल्सला द्यायचे की इथं ठेवायचे एवढंच आपल्या हातात. आपल्याकडं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना नोटिफाय झाली, डिसेंबर २०२४ ला स्टील मंत्रालयानं ग्रीन स्टीलची व्याख्या केली, टनाला २.२ टनापेक्षा कमी कार्बन असेल तर तारे मिळणार, १.६ च्या खाली पाच तारे. चांगलंय. पण हे सगळं मोठ्यांसाठी. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल मिळून शेकडो फाउंड्र्या, त्यातल्या बहुतेकांना हे नावसुद्धा माहीत नाही. त्यांना वाटतंय ५० टनाची सूट आहे म्हणून आपण वाचलो. ती सूट तिकडच्या आयातदाराला आहे, वर्षाला ५० टनापेक्षा कमी मागवत असेल तर, आपल्याला नाही. तो आयातदार आमच्याकडून वीस टन आणि इतर दहा जणांकडून पाचशे टन घेत असेल तर आमच्या वीस टनाचाही हिशेब द्यावा लागतो.

आणि हिशेब दिला नाही तर काय होतं तेही सांगतो. ते आपला आकडा स्वतः धरतात, ठरवून दिलेला, तो मुद्दाम जास्तीचा असतो. म्हणजे चांगलं काम करणारा आणि वाईट काम करणारा एकाच दावणीला. आमच्या शेजारच्या एका युनिटनं शेडवर सोलर टाकलंय, सत्तर टक्के भंगार वापरतात, पण कागद नाहीत म्हणून त्यांच्या गिऱ्हाईकानं जास्तीचाच आकडा धरून भाव पाडला.

माझी मागणी एकदम लहान आहे आणि ती तुम्ही छापावी म्हणून एवढं लिहिलं. पिग आयर्न, स्पाँज आयर्न आणि स्टील विकणाऱ्या प्रत्येकानं टेस्ट सर्टिफिकेटवर एक रकाना वाढवावा. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, आणि त्याच्याखाली टनाला धूर किती. सरकारनं हे सक्तीचं करावं. एकदा वरचा आकडा वरून येऊ लागला की खालच्या छोट्या फाउंड्रीला फक्त स्वतःचा कोक-डिझेल आणि विजेचं बिल जोडायचंय, ते मीही दोन तासांत करतो. तपासणारा माणूस मुंबईहून आणायचा तर त्याची फी आणि गाडीभाडं एका कंटेनरच्या नफ्याएवढं होतं, तो क्लस्टरला मिळून एक नेमता येईल, पॅटर्न शॉप आणि टेस्टिंग लॅब आपण एकत्र चालवतो तसंच. आणि इथं जी काही कार्बनची किंमत लावतील ती गोळा करून दिल्लीला न पाठवता त्याच क्लस्टरमध्ये, भट्टी बदलायला, सोलर घ्यायला परत द्यावी. पुढच्या करारात बोलणी करणाऱ्यांनी ड्युटीच्या तक्त्याबरोबर हाही तक्ता घेऊन बसावं. न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि कोस्टारिका ह्या चार लहान देशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये असा करार सह्या करून दाखवलाय, पर्यावरणाच्या मालावरची ड्युटी काढायची आणि कोळसा-तेलाच्या अनुदानाला लगाम घालायचा. म्हणजे अशक्य नाहीये.

त्या पिग आयर्नच्या सप्लायरचा मागच्या महिन्यात फोन आला होता. आता हसत नव्हता. त्याला तीन फाउंड्र्यांनी तीच शीट पाठवलीय आणि विचारत होता की तो रकाना भरायचा कसा. मी माझी जुनी शीट पाठवून दिली, त्यात अजून एक खाना रिकामाच आहे, तो त्याच्याच आकड्याचा.

आपला,
एक वाचक, शिरोली (जि. कोल्हापूर)

ता. क. बातमीत 'आपल्या निर्यातदारांना कार्बनची सर्टिफिकेटं विकत घ्यावी लागणार' असं छापलंय, ते चुकलंय. हा कर भरायची ती सर्टिफिकेटं तिकडच्या आयातदारानं घ्यायची आहेत आणि २०२६ च्या मालासाठीच्या सर्टिफिकेटांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून, असं ठरलंय. आपल्याला फक्त भाव कमी करून मागतील. आमच्याकडं मागायला लागलेत.